पुडी निर्दोष सुटली

३ ऑगस्ट २००४, मंगळवार

आणि वर मलाच विचारतात, तोंड का वाकडं केलंस. वाकडं करू नको तर काय पेढे वाटू? दोन वर्षं ज्या माणसाच्या खिशात नुसती बडीशेप असायची, त्याच्या शर्टातून आज धुताना गुटख्याची पुडी निघाली. फाडलेली, अर्धी खाल्लेली. मी शर्ट तसाच ओला नेऊन त्यांच्या मांडीवर टाकला. म्हटलं, हे काय?

"बंदी उठली," म्हणाले. "काल सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. पेपर वाच."

पेपर वाच म्हणे. मला चौथीतून काढली, पेपर वाचायला मला अर्धा दिवस लागतो. आणि वाचून काय निघणार त्यातून? बबन, तू खा, असं छापलं असेल का?

नाव लिहिलं. तोंडानं मी कधी घेत नाही, आकाशचे पप्पा म्हणते. वहीत लिहिलं म्हणून काही बिघडत नाही. ही डायरी यांच्या कंपनीची, जुन्या सालची, कोरी पडली होती. छापलेल्या तारखा खोडून मी खऱ्या टाकते. सूनबाई म्हणाली, आई, मनातलं लिहीत जा, डोकं शांत होईल. डोकं काही शांत होत नाही. हात तेवढा दुखतो.


८ ऑगस्ट, रविवार

आज आकाशनं बापाला समजावलं. आमचा आकाश बारावी झालाय, कुरियरमध्ये कामाला आहे. तो म्हणाला, "पप्पा, कोर्टानं गुटखा चांगला आहे असं नाही म्हटलंय. राज्याला अशी बंदी घालायचा अधिकार नाही, दिल्लीला आहे, एवढंच म्हटलंय."

यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे सुटला ना?"

"सुटला म्हणजे तसा..."

"खटला चालला, निकाल लागला, सुटला. निर्दोष सुटला. संपलं." आणि फाडली पुडी.

निर्दोष सुटला. जसा काय त्यांचा भाऊच जेलमधून सुटून आलाय.

मला राग पुडीचा नाही येत एवढा. वीस वर्षं मी या माणसाला सांगत होते. भांडले, रडले, पुड्या मोरीत टाकल्या, आकाशची शपथ घातली. कंपनीच्या डॉक्टरनं सांगितलं. काही उपयोग नाही. आणि मागे सरकारनं बंदी आणली तर हा माणूस त्याच दिवशी घरी आला, खिसा उलटा करून पुड्या गटारात टाकल्या. मी बघतच राहिले. म्हणाले, "गया, आपण बाबासाहेबांची माणसं. ज्या कायद्यानं आपल्याला माणसात आणलं तो सोयीचा असेल तेव्हाच मानायचा का? माझ्या आज्याला गावात पाणी लांबून ओंजळीत घालायचे. लोकांना तेच बरोबर वाटायचं. कायदा आला तेव्हा कळलं त्यांना की ते चूक होतं."

तेव्हा मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण आतून लागलंही. बायको वीस वर्षं ओरडते ते वारं, आणि मुंबईतला मंत्री एकदा बोलतो तो कायदा.

बंदीच्या वेळी आमच्या बुवापाड्यात मोठी गंमत होती. शंकरच्या टपरीवर जे बाप्ये उभे राहून पचापचा थुंकायचे तेच संडासाच्या भिंतीमागे जाऊन खायला लागले, तोंड पुसून बाहेर यायचे. त्यांना कुणी पकडणार नव्हतं. पोलीस काय येतोय इथे. पण लाज वाटायची. एका रात्रीत लाज कुठून आली? आणि आता परवापासून तेच पुढं येऊन उभे. लाज गेली. पुडी तीच, सुपारी तीच, थुंकी तीच. पेपरातली बातमी तेवढी बदलली.

पुरुषाच्या जातीला स्वतःची अक्कल नसते. पेपरात येईल ती त्यांची अक्कल.


१९ ऑगस्ट, गुरुवार

कारखान्यात आज माल फार होता. कॅम्प पाच भागात जीन्सच्या कारखान्यात मी धागे कापते. शिवून आलेल्या पँटीचे लोंबते धागे कापायचे, बस. संध्याकाळी नखांपर्यंत बोटं निळी. सेठ सिंधी आहे, माणूस वाईट नाही, पण डोक्यावर उभा राहतो. "जल्दी करो बाई, माल आज निकलना है." रोजच आज निकलना असतो.

चहाच्या वेळी आम्ही बायका मागच्या जिन्यावर बसतो. सखूनं मिश्रीची डबी काढली, फिरवली. मी यांचं गाऱ्हाणं सांगितलं. सखू डाव्या बोटानं दातावर मिश्री घासत म्हणाली, "गयाबाई, बाप्यांची व्यसनं वेगळी. आपली मिश्री म्हणजे दात घासायचं औषध. वाईट असती तर सरकारनं तिच्यावर नसती घातली बंदी?"

ते मला पटलं. पुडीवर निदान बारीक अक्षरात लिहिलेलं तरी असतं की खाऊ नका. माझ्या डबीवर काहीच लिहिलेलं नाही.

डावीकडची दाढ हलतेय. तिथं थोडी जास्त लावली, बधिर झाल्यावर बरं वाटलं.


५ सप्टेंबर, रविवार

दिराच्या मनालीचा साखरपुडा झाला, कात्रपला. पोरगा चांगला आहे, बँकेत आहे. बुद्धवंदना झाली, पाच शीलं सगळ्यांनी मोठ्यानं म्हटली, आमच्या यांचा आवाज तर सगळ्यात वर. आणि जेवणं झाल्यावर ताट फिरलं. पान, सुपारी, बडीशेप, आणि मधोमध गुटख्याच्या पुड्या फुलासारख्या मांडलेल्या. मागच्या वर्षी मोठ्या पुतणीच्या साखरपुड्याला असं ताट ठेवायची कुणाची हिंमत नव्हती. ठेवलं असतं तर सोयऱ्यांनी नावं ठेवली असती. आज पुडी घेतली नाही त्या माणसाकडे लोक बघत होते.

मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "आता पाचवं शील म्हटलंत ना? घसा अजून ओला असेल."

हे म्हणाले, "ते दारूचं आहे. पुडीचं नाव नाही त्यात."

"तथागतांच्या वेळेला पुडी होती का?"

दीर हसायला लागले. "वहिनी, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतात."

"झाले असते तर पहिली तुमच्या भावावर केस टाकली असती."

सगळे हसले. हेही हसले. मला हसू आलं नाही. रस्साही खाता आला नाही, तिखट फार घातलं होतं. सगळे म्हणत होते अगदी बेताचा झालाय. त्यांच्या जिभा मेल्यात पुड्या खाऊन. मी दही-भात खाल्ला.


१२ सप्टेंबर, रविवार

सूनबाईबरोबर वाजलं. नेहमीचंच. सकाळी मी तव्यावर तंबाखू भाजत होते. काळी होईपर्यंत भाजायची, मग हातानं चुरून डबीत भरायची, झाली मिश्री. वैष्णवी पदर नाकाला लावून दार उघडायला गेली. मग तेजस्वी आली. नात माझी, तीन वर्षांची, माझ्यावर गेलीय, हट्टी. डबीत बोट घातलं आणि माझ्यासारखं दातावर फिरवायला लागली. मी हसले. वैष्णवीनं धावत येऊन पोरीचा हात झटकला, डबी फरशीवर सांडली.

"आई, पोरीला नका देऊ."

"मी दिली का? तिनं घेतली. आणि एवढं काय झालं? माझ्या आईनं मला हिच्याएवढी असताना लावली. दात बघ माझे."

ती माझ्या दाताकडे बघत राहिली. आजकालच्या मुलींचं असं आहे, तोंडावर उत्तर देत नाहीत, नुसत्या बघतात. त्याचा जास्त राग येतो.

दिवसभर मिश्री नव्हती. डोकं धरलं, हात कापायला लागले, कुणाशी बोलवेना. संध्याकाळी परत भाजली तेव्हा माणसात आले. व्यसन असतं तर एवढं निर्मळ वाटलं असतं का.


२० सप्टेंबर, सोमवार

आज यांचं तोंड बॅटरी लावून बघितलं. वाटलं होतं ओरडतील, पण गपचूप आ केला. आत गालाला पांढरट दिसतंय. पुसून बघितलं, जाईना. मग मला वाटलं बॅटरीच्या उजेडानं तसं दिसत असेल, म्हणून आरशासमोर माझंही बघितलं. माझ्या ओठाच्या आत डावीकडे तसंच आहे, जास्तच आहे, वर फोडासारखं. म्हणजे ते काही विशेष नाही. माझं तर जीन्सच्या रंगानं झालंय, निळ्या हातानं भाकरी खाते मी.

पण त्यांच्याबाबतीत हयगय नको. विहाराच्या हॉलमध्ये रविवारी दाताचं शिबिर आहे, फुकट. नेणार. खांद्यावर टाकून न्यावं लागलं तरी नेणार.

कान ठणकतोय डावा. मशिनींचा आवाज.


२६ सप्टेंबर, रविवार

नेलं. सकाळपासून रांग. हे माझ्यामागे उभे, शाळेत आणलेल्या पोरासारखे. डॉक्टरीण म्हणजे पोरगीच, वैष्णवीच्या वयाची. यांना खुर्चीत बसवलं, आरसा घातला, म्हणाली, "काका, तीन बोटं उभी तोंडात घाला." यांची गेली, जरा ओढून. ती म्हणाली, "आत्ता सोडलात तर ठीक होईल. नाही सोडलात तर दोन वर्षांनी एक बोट पण जाणार नाही."

मी म्हटलं, "अहो मॅडम, जोरात सांगा. कायदा असल्यासारखं सांगा, म्हणजे ऐकतील."

ती हसली. मग माझ्याकडे बघत राहिली. "मावशी, तुम्ही एका बाजूनं बोलताय. बसा जरा."

"मला काय झालंय? मी यांना घेऊन आले."

"बसा तर."

बसले. तीन बोटं घाल म्हणाली. दोन गेली. मी म्हटलं, माझी बोटं जाड आहेत, कामाची आहेत. तिनं ओठ बाहेर ओढला, हातमोजा घालून दाबून बघितलं, हनुवटीखाली चाचपलं. किती महिने झाले, विचारलं. म्हटलं ध्यानात नाही, उन्हाळ्यात होतं. कान दुखतो का? म्हटलं मशिनीनं. काय लावता?

"काही नाही. दारू नाही, पुडी नाही, पान नाही. काही व्यसन नाही मला. फक्त मिश्री."

तिनं मान खाली घालून कागद लिहिला. परळच्या मोठ्या हॉस्पिटलचा. म्हणाली, छोटा तुकडा काढून तपासतील, लवकर जा, ढकलू नका. कागद माझ्या हातात न देता यांच्या हातात दिला.

आता यात माझं काय चुकलं ते सांगावं कुणीतरी. पुडी खाणाऱ्याला म्हणते ठीक होईल, आणि न खाणारीला परळ. मी बाहेर आल्यावर म्हटलं, पोरीनं कागद उलटे लिहिले, तुमचा माझ्या नावावर लिहिला. आत जाऊन सांगा तिला. हे काही गेले नाहीत. कागदाची घडी घालून वरच्या खिशात ठेवली, जिथं पुडी असते तिथं. घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मी मात्र बोलत आले. कुणीतरी बोललं पाहिजे ना.


२८ सप्टेंबर, मंगळवार

आज सकाळी यांचा खिसा बघितला. बडीशेप. दुसरा बघितला. बडीशेप. पँटीचा बघितला. रुमाल.

मला वाटलं परत बंदी आली. शंकरच्या टपरीवरून जाताना विचारलं, "काय रे, सरकारनं परत बंद केला का?"

"नाही वहिनी, जोरात चाललाय. बबनदादा मात्र परवापासून फिरकले नाहीत. उधारीबिधारी काही नाही, मग रागावले का माझ्यावर?"

म्हणजे कायदा नाही, कोर्ट नाही, पेपर नाही आणि हा माणूस पुडी सोडतो. का? मी विचारलं. म्हणाले, "सोडली. बस." मी म्हटलं शेवटी माझं ओरडणं लागू पडलं ना? म्हणाले, "हो." एवढंच. मान वर करून बघितलं पण नाही.

वीस वर्षांनी जिंकले तर आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. दमलेय मी. कारखान्यात आज दोनदा झोप लागली, सेठ ओरडला नाही, उलट म्हणाला, "बाई, घर जाओ." मी कशी दिसते कोण जाणे.

रात्री पौर्णिमेची वंदना होती. गेले नाही. हे एकटे गेले. आकाश सांगत होता, पप्पांनी पाचवं शील म्हटलंच नाही.


३० सप्टेंबर, गुरुवार

सगळे मिळून माझ्यावर उठलेत. आकाश रजा टाकून परळला जाऊन सोमवारचा नंबर लावून आला. मला न विचारता. वैष्णवीनं तवा घासून माळ्यावर ठेवला, तंबाखू कुठं ठेवली सांगत नाही. तेजस्वी येऊन म्हणते, "आजी, तुझ्या तोंडात बाऊ आहे?" एवढ्याशा पोरीला पण पढवून ठेवलंय.

जेवायला बसलो तेव्हा यांनी विषय काढला. हळू आवाजात. हा माणूस हळू बोलला की मला भीती वाटते, ओरडतो तेव्हा वाटत नाही.

"गया, मी पुडी सोडली ना. आता तू मिश्री सोड. सोमवारी जाऊ आपण दोघं."

मी म्हटलं, "पुडी वेगळी, मिश्री वेगळी. पुडीवर निदान बंदी आली होती. खटला चालला. मिश्रीवर कधी कुणी केस तरी केली का? घराघरात बायका लावतात. माझी आई लावायची, सासू लावायची. तुमच्या आईनं मरेपर्यंत लावली."

"आई कशानं गेली ते ठाऊक आहे ना तुला?"

"घशानं गेली. म्हातारी झाली होती."

"गेली तेव्हा तुझ्या आत्ताच्या वयापेक्षा चारच वर्षांनी मोठी होती, गया."

असं कुणी जेवताना बोलतं का? मी ताट सरकवलं. मग वैष्णवीला तोंड फुटलं. "आई, सगळंच कायद्यात लिहिलेलं नसतं."

"मग कशाला मानायचा कायदा? तुझे सासरे दोन वर्षं उगाच मानत होते का? लिहिलं असेल ते चूक, नाही लिहिलं ते बरोबर, असंच चाललंय ना सगळीकडे? आता माझी पाळी आली तर नियम बदलला?"

आकाश म्हणाला, "आई, तुकडाच तर काढणार आहेत."

"तुझ्या तोंडाचा काढ."

मग हे उठले, माझं ताट परत पुढं घेतलं, भाकरी डाळीत कुस्करली, मऊ केली आणि माझ्यासमोर ठेवली. आजपर्यंत या माणसानं पाण्याचा तांब्या स्वतः घेतलेला नाही. मी म्हटलं, मी काय म्हातारी झालेय का. पण खाल्ली. भूक लागली होती, तीन दिवस नीट चावता येत नव्हतं.

खाऊन झाल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, आणि इथंही लिहून ठेवते म्हणजे नंतर कुणी फिरवाफिरव करायला नको. आकाश शिकलाय, वैष्णवी शिकलीय, यांच्या युनियनमध्ये वकील आहे. तिघांनी मिळून शोधा. मिश्री वाईट आहे असं कुठल्या सरकारनं, कुठल्या कोर्टानं, कुठल्या कायद्यात लिहिलंय ते मला कागदावर आणून दाखवा. मी अक्षर लावून वाचीन, वेळ लागला तरी वाचीन. रविवारी संध्याकाळी दिवे लागायच्या आत दाखवा. दाखवलंत तर सोमवारी गपचूप येईन, तुकडा काढू देईन, डबी गटारात टाकीन. आणि नाही सापडलं, तर सोमवारी मी कॅम्प पाचला माझ्या कामावर जाणार, आणि परळचं नाव या घरात परत कुणी काढायचं नाही. रविवारपर्यंत उत्तर पाहिजे मला.